सद्यस्थितीचा रकाना

आमच्या कुलमंडळाची पुस्तकं इंटरनेटवर सापडत नाहीत, ही तक्रार मी नोकरीत असल्यापासून ऐकत होतो. निवृत्त झालो आणि ती माझ्याच गळ्यात पडली. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझा जन्म गेला. त्यात स्वभाव असा, की ‘हे तुमच्याशिवाय कोण करणार?’ असं कुणी म्हटलं की मी हरभऱ्याच्या झाडावर चढलोच. मंडळाच्या अध्यक्षांना हे चांगलं माहीत होतं.

मंडळाची पुस्तकं म्हणजे एक जाडजूड कुलवृत्तांत, त्याच्या दोन पुरवण्या आणि दरवर्षी निघायला हवा पण मधूनमधून दडी मारणारा एक वार्षिक अंक. कुलवृत्तांतात आमच्या कुळाच्या सगळ्या शाखा आहेत. कोण कुठल्या गावातून उठून कुठे गेला, त्याला मुलं किती, त्यांतलं कोण मुंबईला गिरणीत लागलं, कोण आफ्रिकेत गेलं आणि कोण घरीच राहून कलमं राखत बसलं. बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर मंडळाची खोली आहे. तिथल्या लोखंडी कपाटात ही पुस्तकं डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून होती. आमच्या हवेत कागदाला कसर लागायला वेळ लागत नाही. माणसांपेक्षा कसरच ती पुस्तकं जास्त वाचत होती.

माझ्याआधी कुणीतरी उत्साहाच्या भरात सगळ्या पानांचे फोटो काढून त्यांची एकच मोठी फाइल करून ठेवली होती. फाइलचं नाव ‘स्कॅन फायनल दोन’. आता या नावानं कुणाला आपला पणजोबा सापडणार? माणूस मोबाइलवर पणजोबांचं नाव घालायचा आणि समोर यायच्या वधूवर मंडळांच्या जाहिराती. फोटोतलं अक्षर यंत्राला वाचता येत नव्हतं, आणि ते वाचून देणारं जे सॉफ्टवेअर मी आणवलं त्यानं जुन्या छपाईतल्या जोडाक्षरांची अशी काही दशा केली, की आमचे अर्धे पूर्वज परग्रहावरचे वाटू लागले. शेवटी मी सगळा मजकूर हातानं टाइप केला. दोन वर्षं लागली. घरचे म्हणत, लष्करच्या भाकऱ्या. मला राग यायचा, पण काम सुटायचं नाही.

आणि नुसतं टाइप करून मी थांबलो नाही. प्रत्येक शाखेला वेगळं पान दिलं. पानाच्या डोक्यावर गाव आणि मूळ पुरुषाचं नाव. मुंबईची, दुबईची मुलं इंग्रजी अक्षरांतच शोधतात, म्हणून तीच नावं इंग्रजी अक्षरांतही. गावाचं जुनं नाव असेल तर तेही. शिवाय शोधल्यावर नावाच्या खाली जी बारीक ओळ दिसते, तिच्यासाठी मी एक नवा रकाना काढला. त्याला नाव दिलं ‘सद्यस्थिती’. त्यात तीनच पर्याय होते: चालू, माहिती नाही, निर्वंश. पान न उघडताच माणसाला कळावं की या शाखेचं पुढे काय झालं. ही माझी स्वतःची कल्पना होती आणि मला तिचं फार कौतुक वाटायचं. साइट सुरू झाल्यावर ठाण्याच्या एका गृहस्थांनी आपलं मूळ गाव सापडलं म्हणून मला पेढे पाठवले. मी ते अध्यक्षांना मुद्दाम नेऊन दिले.

अशा दिवसांत एकदा दुपारी माझी चुलत आत्या माडीवर आली. वडिलांची चुलत बहीण. लांज्याच्या अलीकडे एका गावात आपल्या मुलीकडे राहायची. प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त होऊनही खूप वर्षं झाली होती. एसटीनं आली होती, आणि तो लाकडी जिना चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती.

“पाणी दे वायंच,” म्हणाली. पाणी प्यायली, पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मोबाइलवर जे दिसतं ते तिच्या मुलीनं स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं होतं. वर तिच्या वडिलांचं नाव, गाव, आणि खाली बारीक ओळ: सद्यस्थिती, निर्वंश.

“हे तू केलंस?”

मला वाटलं, कौतुक करायला आली. मी खुर्ची पुढे ओढून बसलो. “हो आत्या. पटकन सापडलं ना? आधी काहीच सापडत नव्हतं.”

“सापडलं तर. पहिलंच ते सापडलं. दुबईला माझा नातू आहे. त्यानं पणजोबांचं नाव घातलंन आणि मला फोन केलान. आजी, निर्वंश म्हणजे काय गो?” ती थांबली. “मी काय सांगू त्याला? की तू नाहीस, तुझी आई नाही, मी पण नाही म्हणून सांगू?”

आमच्या वृत्तांताची रीत अशी, की शाखा पुढे जाते ती मुलग्यांवरून, नाहीतर दत्तकावरून. मुलींचा फक्त आकडा. ‘कन्या तीन’ असं लिहिलं की संपलं. त्यांची नावं त्यांच्या सासरच्या वृत्तांतात, आणि तीसुद्धा लग्नानंतरची. आत्याच्या वडिलांना तीन मुलीच होत्या. म्हणून त्यांच्यापुढे तो शब्द. मी आख्खं कूळ शोधता येईल असं मांडलं होतं, पण आत्याचं माहेरचं नाव घातलं तर तिचं एकही पान येत नव्हतं. हे तोवर माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

“पुस्तकात तसंच आहे आत्या,” मी म्हणालो. “मी पदरचं काही घातलेलं नाही.”

“पुस्तकात होतं ते कपाटात होतं. कोण बघत होता? मी गिळलंच होतं ते इतकी वर्षं. तू ते चव्हाट्यावर मांडलंस, मेल्या.”

मग तिनं सरळ सांगितलं. तो शब्द काढ आणि आम्हा तिघी बहिणींची नावं वडिलांच्या खाली घाल. बाकी मला काही नको. तिच्या दोघी बहिणी तोवर गेल्या होत्या. ती एकटीच उरली होती, आणि डोळ्यांदेखत हे व्हावं एवढंच तिचं म्हणणं होतं.

मी काय केलं, तर तिला नियम सांगितला. छापील मजकुराला हात लावायचा नाही. दुरुस्ती असेल तर ती पुरवणीत, आणि पुरवणीला वार्षिक सभेची मंजुरी लागते. हे सगळं खरंच होतं. पण सद्यस्थितीचा रकाना छापील पुस्तकात कुठेच नव्हता, तो माझा होता, आणि तो बदलायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नव्हती. साइटचा पासवर्ड एकट्या माझ्याकडे होता. हे मी तिला सांगितलं नाही. मला माझ्या कामात चूक काढलेली खपत नाही, हेच त्यामागचं कारण, दुसरं काही नाही.

“तुला पण एकच मुलगी ना?” जाताना ती म्हणाली. “तुझ्या पानावर पुढे काय लिहायचं ठरवलंनी मंडळानं?”

मी भडकलो. तो विषय वेगळा आहे, असं काहीतरी म्हणालो. ती उठली. जिन्याच्या तोंडाशी पिशवी सावरत एवढंच म्हणाली, “जुने फॉर्म असतील ना रे अजून? एकदा काढून बघ.”

तिला त्या फॉर्मांची आठवण असणं साहजिक होतं. कुलवृत्तांताची माहिती गोळा होत होती तेव्हा ती नोकरीत होती आणि मे महिन्याच्या सुटीत गावोगाव चालत जाऊन घराघरांतून फॉर्म भरून आणत होती. पुस्तकाच्या आभाराच्या पानावर मात्र सगळे पुरुष आहेत. तिच्या वाट्याला ‘व इतर’ आलं.

वार्षिक सभा मे महिन्यात भरली. मुंबईची मंडळी दोन गाड्या करून आली होती. अहवाल झाला, माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, साइटबद्दल चार शब्द झाले. आत्याचा विषय मी शेवटी काढला, आणि तोही इतक्या पडेल आवाजात, की माझा मलाच धड ऐकू आला नसेल. अध्यक्ष म्हणाले, “मुद्दा चांगला आहे, पण एकीचं केलं की सगळ्यांचं करावं लागेल. पुढच्या सभेत बघू.” तोवर खाली गाडीचा हॉर्न वाजायला लागला होता. मंडळींना जेवून आरे-वारेच्या समुद्रावर जायचं होतं, मग अंधार पडायच्या आत परतायचं होतं. सगळे उठले. मीही शाल खांद्यावर टाकून उठलो आणि त्यांच्याबरोबर गेलो. उरलेला दिवस मजेत घालवला, हे लपवून काय उपयोग?

आत्याला फोन करून सांगितलं की विषय मांडलाय, पुढच्या सभेत होईल. ती म्हणाली, “बरं.” मग म्हणाली, “पुढच्या सभेपर्यंत मी असले म्हणजे झालं.” म्हातारी माणसं असं बोलतातच, म्हणून मी हसून सोडून दिलं.

पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल आली म्हणून सगळं सामान बाहेर काढावं लागलं. तेव्हा तळाशी फडक्यात बांधलेली फॉर्मांची गाठोडी निघाली. आत्याचे शब्द आठवले म्हणून नव्हे, ओली गाठोडी सुकवायची म्हणून मी ती सोडली. लांज्याकडच्या गाठोड्यात तिच्या वडिलांचा फॉर्म होता. तिनंच भरलेला. शाळामास्तरणीचं गोल, स्वच्छ अक्षर. तिघी बहिणींची माहेरची नावं, शिक्षण, सासरची गावं, कुणाला मुलं किती. जागा पुरली नाही म्हणून पाठीमागेही लिहिलं होतं. पहिल्या मुलीपुढे, म्हणजे स्वतःपुढे, ‘शिक्षिका’ असं लिहून त्याच्याखाली एक रेघ ओढली होती. स्वतःपुरती एवढीच हौस तिनं केली होती.

त्या सगळ्या मजकुरावर लाल शाईनं दोन तिरप्या रेघा मारलेल्या होत्या. खाली लिहिलं होतं: कन्या तीन. निर्वंश.

अक्षर माझं होतं.

मुद्रणप्रत, म्हणजे छापखान्याला द्यायची साफ प्रत, तयार करायला आम्ही चारपाच पोरं बसायचो. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि माझं अक्षर चांगलं म्हणून फॉर्मांची छाटणी माझ्याकडे होती. संपादक जुने, कडक. त्यांनी सांगितलं होतं, मुलगा नाही, दत्तक नाही, तर तो शब्द लिही आणि पुढे जा. मी किती फॉर्मांवर तो लिहिला कोण जाणे. पण आत्याचे वडील, म्हणजे माझे चुलत आजोबा, काही परके नव्हते. त्यांच्या घरी मी दर सुटीत जायचो, त्यांच्या हातचे फणसाचे गरे खायचो. माणूस अंगणात चालताबोलता होता आणि मी इकडे रत्नागिरीत बसून त्याचा वंश बुडवून मोकळा झालो होतो. लिहिताना हात अडखळलेला मला आठवत नाही, आणि त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

त्याच दुपारी मी संगणकासमोर बसलो. पान उघडलं. दोन मिनिटांचं काम होतं. पण नुसता शब्द बदलून भागणार नाही असं मला वाटायला लागलं. खाली टीप द्यावी लागेल, चूक कुणाची ते सांगावं लागेल, मग अध्यक्षांना कळेल, मग सभेत चर्चा होईल. त्यापेक्षा आधी आत्याला समक्ष भेटून सांगू, तिची माफी मागू आणि मग तिच्यासमोरच बदल करू. किती छान दिसेल, असंही मनात आलं. गणपतीला गावी जायचंच होतं. तेव्हा वाटेत उतरून निवांत सांगू, असं ठरवून मी पान बंद केलं.

श्रावण संपायच्या आत तिच्या मुलीचा फोन आला. आत्या झोपेतच गेली होती.

त्या दिवशी मी गावाला जायच्या आधी माडीवर गेलो आणि उभ्या उभ्याच पान बदललं. तो शब्द काढला. तिघींची नावं घातली, माहेरची आणि सासरची, फॉर्ममध्ये होती तशी. सद्यस्थिती ‘चालू’. टीपही दिली, मुद्रणप्रत करणाऱ्याची चूक, आणि तो करणारा कोण तेही लिहिलं. कुणाला विचारलं नाही, आणि पुढेही मला कुणी काही विचारलं नाही. मंडळात ते पान कुणी उघडून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. पण वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. पान बदललं तरी शोधल्यावर नावाखाली जी बारीक ओळ येते ती पुढे बरेच दिवस जुनीच येत होती. शोधणारं यंत्र नवं पान वाचून जाईपर्यंत जुनंच दाखवत राहतं. मी रोज सकाळी उठून आजोबांचं नाव घालून बघायचो आणि रोज तोच शब्द यायचा.

तेराव्याला गेलो तेव्हाही तो गेला नव्हता. जेवणं झाल्यावर मी आत्याच्या मुलीला पडवीत बोलावलं. शोधून न दाखवता सरळ पानच उघडून मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं वाचलं. तिन्ही नावांवरून बोट फिरवलं. मग आत गेली आणि एक पुस्तक घेऊन आली. आत्याची कुलवृत्तांताची प्रत. ती नेमकी त्या पानावर आपोआप उघडली.

‘कन्या तीन. निर्वंश.’ एवढीच छापील ओळ. आत्यानं ती खोडली नव्हती. तिच्या भोवतीनं, समासात, वर, खाली, पेन्सिलीनं बारीक अक्षरात तिघी बहिणींची सगळी माहिती लिहिली होती. फॉर्मवर होती तशीच, शब्दाला शब्द. पेन्सिल जागोजागी पुसट झाली होती आणि पानाचा कोपरा बोटांनी काळा पडला होता.

“आजोबा शेवटी आमच्याकडेच होते ना,” मुलगी म्हणाली. “डोळे गेले होते त्यांचे. पुस्तक आलं तेव्हा त्यांनी आईला सांगितलंनी, माझं पान वाच. आईनं वाचलंन. तिघींची नावं, शिक्षण, मुलं, सगळं. छापलेलं नव्हतंच त्यातलं काय. पण त्यांना इतकं आवडलं, की रोज सांच्याला वाचायला लावायचे. आणि एखाद दिवशी शब्द इकडचा तिकडं झाला की म्हणायचे, काल असं नव्हतं. म्हणून तिनं लिहून ठेवलंन.”

“आणि लाल शाईनं कुणी खोडलं, ते ठाऊक होतं तिला?”

“होतं की. प्रुफं फॉर्मांशी ताडून बघायला तीच जायची. फॉर्म बघितलान तिनं.”

“मग मला कधी बोलली कशी नाही?”

“तुम्ही यायचात ना आजोबांना भेटायला. बोलता बोलता त्यांच्या कानावर जाईल म्हणून नाही बोलली. मग ते गेले, आणि राहूनच गेलं.”

मी पुस्तक मिटलं. आणि मला ते आठवलं. पुस्तक निघालं त्याच वर्षी मी त्यांच्याकडे गेलो होतो. आजोबा पडवीत खाटेवर बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला, चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाले, “पुस्तकाचं काम तू केलंस म्हणे. माझ्या पोरींची नावं घातलीत, बरं केलंत हो. मला वाटलं होतं, घालायचे नाहीत.” मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी बरळतायत. आत्या चहा घेऊन दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी आजोबांना म्हटलं, “हो, घातली ना,” आणि तिच्या हातातला चहा घेतला.